ऐकणाऱ्यांसाठी लिहिलेली पुस्तके

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्या लेखिका येतात त्या बहुधा एका परिच्छेदात. साळूबाई तांबवेकरांची १८७३ची कादंबरी 'चंद्रप्रभाविरहवर्णन', ताराबाई शिंदे यांचा १८८२चा 'स्त्रीपुरुषतुलना', पंडिता रमाबाई, काशीबाई कानिटकर, रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक. नावे झाली, साले झाली, की इतिहासकार घाईने पुढच्या प्रकरणाकडे वळतो. बालवाङ्मयाचा इतिहास लिहिणारे तर या बायकांना उंबऱ्याच्या आत घेतच नाहीत. मुलांसाठी म्हणून छापलेली चित्रांची पुस्तके त्यांनी लिहिली नाहीत ना! त्यामुळे एका नोंदवहीत त्या 'स्त्री-लेखिका' म्हणून कोपऱ्यात बसतात आणि दुसऱ्या नोंदवहीत मुळीच नसतात.

मला ही वाटणी पटत नाही. आमच्याकडच्या घरांमध्ये ही पुस्तके कशी वाचली गेली ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांनाही ती पटू नये. या बायका आधी श्रोत्या होत्या, मग वाचक झाल्या आणि सर्वांत शेवटी लेखिका. पुराण, कीर्तन, ओव्या, व्रतांच्या कहाण्या हे त्यांचे शिक्षण कानांनी झालेले होते. अक्षरे हाती आली ती लग्नानंतर, कुणाला लपूनछपून, कुणाला सासरच्यांचे टोमणे खात. साहजिकच त्या लिहायला बसल्या तेव्हा डोळ्यांपुढे एकटा वाचक नव्हता. माजघरातला घोळका होता. एक वाचणारी, चारजणी ऐकणाऱ्या, आणि अवतीभवती लोळणारी मुले. पुस्तक मुलांचे की मोठ्यांचे, हा प्रश्न त्या घोळक्यात कुणाला पडत नसे.

बेळगावात आमच्या वाड्यात हे काम आत्याकडे असे. दुपारची जेवणे झाली, की तांदूळ निवडायची सुपे पुढे यायची आणि आत्या वाचनालयातून आणलेले पुस्तक उघडायची. १८४८ साली स्थापन झालेले आमचे सार्वजनिक वाचनालय पुरुषांच्या वर्तमानपत्रवाचनासाठी प्रसिद्ध. पण त्यातली निम्मी पुस्तके अशी पिशवीतून घरोघर जाऊन बायकांच्या कानांवर पडत होती, याची नोंद कुठल्याच अहवालात सापडायची नाही. शेजारच्या बिऱ्हाडातल्या कन्नड मावशीही येऊन बसत. त्यांना मराठी वाचता येत नव्हते, पण समजत सगळे होते. आत्या पाणी प्यायला थांबली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "मुंद एनातरी?" पुढे काय झाले हो? एखाद्या लेखिकेला याहून मोठी पावती कोणती मिळणार!

या दुभाष्या प्रदेशातल्या वाचकांनी सर्वांत आधी आपली म्हणावी ती पंडिता रमाबाई. त्यांना आपण पुण्याच्या, नाहीतर केडगावच्या समजतो. जन्म मात्र कर्नाटकातला, २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पुण्यात पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवले जाते हे पाहून त्यांनी आपल्या बायकोलाही संस्कृत शिकवायचे ठरवले, आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेऊन रानात संसार थाटला. रमाबाई सहा महिन्यांच्या झाल्या तेव्हा कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. बाळाला वेताच्या पेटीत घालून डोंगर उतरवला. पुढची पंधरा-सोळा वर्षे ती मुलगी गावोगाव हिंडत राहिली. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही.

मग मराठी आली कुठून? रमाबाईंनीच पुढे सांगून ठेवले आहे. आईवडील घरात मराठी बोलत आणि मराठी पुस्तके, वर्तमानपत्रे वाचत, म्हणून ती भाषा नीट आली. आणि हिंडता हिंडता कानडी, हिंदुस्तानी, बंगाली याही भाषा आल्या. भोवताली कानडी मुलूख, डोक्यात संस्कृत आणि घरात मराठी. १९५६ नंतर आमच्या जिल्ह्यांतल्या किती घरांचे हेच वर्णन आहे! फरक इतकाच, की आम्ही त्याला अडचण समजतो. त्या बाईने ती शिदोरी समजून बांधून घेतली.

१८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. भावाबरोबर पायी देश तुडवत १८७८ साली त्या कलकत्त्याला पोचल्या, तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. भाऊ गेला, लग्न झाले, दोन वर्षांत नवराही गेला. १८८२ साली तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि त्याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' हे पहिले मराठी पुस्तक छापले. या पुस्तकाबद्दल मी स्पष्टच सांगते. ते वाचवत नाही. उपदेश थोर असेल, पण भाषा इतकी संस्कृतजड, की जिच्यासाठी लिहिले ती बाई दुसऱ्या पानावर सूप घेऊन उठून जाईल. घोळका अजून लेखिकेच्या डोळ्यांपुढे आलेला नव्हता. पुढे सभेतले पंडित होते.

तो घोळका दिसू लागतो सात वर्षांनी. मधल्या काळात रमाबाई इंग्लंडला गेल्या, ख्रिस्ती झाल्या, १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकाभर व्याख्याने देत फिरल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध केले. हे पुस्तक हाती घ्यावे आणि 'स्त्रीधर्मनीति' शेजारी ठेवावे. एकाच हातची वाटत नाहीत. बर्फ म्हणजे काय, आगगाडी कशी, शाळेत मुले-मुली एका वर्गात कशी बसतात, बायकांच्या संस्था कशा चालतात, वर्तमानपत्रे कोण वाचते, हे सारे ज्या बाईने आपले गावही सोडले नाही तिला समजेल अशा बेताने सांगितले आहे. आणि ही आंधळी स्तुती नव्हे. तिथल्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि काळ्या माणसांची गुलामगिरी यांविषयी बाई परखड लिहितात. परदेश दाखवताना डोळे दिपू द्यायचे नाहीत, हे पुष्कळ प्रवासवर्णनकारांना पुढे शंभर वर्षे जमले नाही.

याच १८८९ सालच्या ११ मार्चला मुंबईत शारदासदन सुरू झाले. तिथली पहिल्यांपैकी एक विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई. त्या 'बाया' कर्व्यांनी १९४४ साली 'माझे पुराण' लिहिले. गुरूची शिष्येपर्यंत पोचलेली भाषा कुठली, ते या पुस्तकात ऐकू येते. ती संस्कृत मुळीच नाही, कोकणातल्या ओटीवरची आहे.

रमाबाईंच्या मराठीचा तिसरा मुक्काम केडगावचा. १८९६-९७च्या आणि पुन्हा १९००च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून शेकडो मुली आणल्या. या मुलींच्या बोली वेगळ्या, कित्येकींना मराठीचा गंध नाही. त्यांना वाचता यावे म्हणून बाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. खिळे जुळवायला, छापायला त्याच मुली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला तो १९२४ साली. धर्मग्रंथ म्हणून त्याचा विचार ज्याचा त्याने करावा. भाषा म्हणून पाहिले तर तो शब्दशः भाषांतराच्या हट्टाने जागोजाग अडखळतो, हे खरे. पण जिने पदव्या मिळवल्या त्या संस्कृताच्या बळावर, तिने अखेरीस तेच संस्कृत अंगावरचे दागिने उतरावेत तसे उतरवून ठेवले, कारण समोर बसलेल्या मुलीला ते कळत नव्हते. मराठी गद्याच्या इतिहासात ही गोष्ट लहान नाही. जाता जाता सांगायचे, तर मनोरमाबाईंनी पुढे मुलींची शाळा काढली ती गुलबर्ग्याला, निजामाच्या मुलखात. आजोबांचा कानडी प्रदेश नातीने असा पुन्हा गाठला.

काशीबाई कानिटकर आमच्या आणखी जवळच्या. सांगलीजवळच्या आष्ट्याला २० जानेवारी १८६१ रोजी जन्म. नवव्या वर्षी लग्न झाले तेव्हा अक्षर येत नव्हते. नवरा गोविंद वासुदेव कानिटकर इंग्रजी काव्याचा वेडा. त्याला शिकलेली बायको हवी होती आणि घरातल्या इतर माणसांना ती अजिबात नको होती. या दोन दगडांमधून काशीबाई शिकल्या. पुढे हरिभाऊ आपट्यांसारख्यांनी त्यांच्या लेखनाला धीर दिला. 'रंगराव' ही त्यांची कादंबरी आधी मासिकातून येऊ लागली आणि पुस्तक झाली ती १९०३ साली.

पण त्यांचे मोठे काम कादंबरी नव्हे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक ठरलेली होती, आणि ती जागा हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या क्षयाने गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हते. बॉस्टनमध्ये कॅरोलिन डॉल यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र १८८८ साली छापले. मराठीत हे काम काशीबाईंनी केले. आनंदीबाईंची पत्रे मिळवली, लावली आणि त्यांना बोलू दिले. एका बाईने दुसऱ्या बाईचे चरित्र मराठीत लिहावे, हे तोवर झाले नव्हते. श्री. ज. जोशींची १९६८ची 'आनंदी गोपाळ' आपण घरोघर वाचली, २०१९ साली तिच्यावरचा चित्रपटही पाहिला. पण त्या मुलीचा आवाज ज्या कागदांतून आपल्यापर्यंत आला, ते कागद वेळीच कुणी जपले, हे किती वाचकांना ठाऊक असते?

काशीबाईंच्या एका गोष्टीच्या पुस्तकाचे नाव 'चांदण्यातील गप्पा', साल १९२१. नावातच सारे आले. जेवणे आटोपून बायका गच्चीवर बसल्या आहेत आणि एकीच्या बोलण्यातून दुसरीची गोष्ट निघते आहे, असा घाट. आणि सदुसष्टाव्या वर्षी, १९२८ साली, या बाईने 'पालखीचा गोंडा' लिहिली. फसवून एका वेडसर संस्थानिकाशी लग्न लावून दिलेली मुलगी रडत न बसता राज्यकारभार शिकते आणि स्त्रियांच्या हातात सूत्रे देते, अशी ती कथा. बोध जरा ढळढळीत आहे, हे कबूल. तरी मला ती मुलींना वाचायला द्यावीशी वाटते. राजकन्येची सुटका करायला घोड्यावरून कुणी येत नाही, अशा राजवाड्याच्या गोष्टी आपल्याकडे आहेत तरी किती? खुद्द काशीबाईंचे आत्मचरित्र अपुरे राहिले होते. ते सरोजिनी वैद्य यांनी चरित्राची जोड देऊन वाचकांपुढे आणले, म्हणून आज आपल्याला वाचता येते.

रमाबाई रानडे याही याच टापूतल्या, देवराष्ट्रेच्या. 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' (१९१०) हे पुस्तक सर्वांना माहीत आहे, त्यामुळे इथे थांबत नाही. एकच नोंदवते. माधवराव मोठे होते म्हणून ते पुस्तक वाचले जाते असे म्हणतात. मला त्यात अधिक जिवंत वाटतात त्या सासरच्या बायका, नव्या सुनेच्या हातातले पुस्तक पाहून तोंड फिरवणाऱ्या.

आणि लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्याविषयी लिहिताना हात आवरावा लागतो. १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला जन्म, अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न. शाळा नाही, लिहिणे-वाचणे जे आले ते नवऱ्याच्या लहरीनुसार, तुटक तुटक. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, पाच वर्षे ताटातूट झाली, १९०० साली लक्ष्मीबाईंनीही धर्म बदलला. नगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे पोरासारखे राहिले. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे चालवले. आणि १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' चार भागांत आली. शेवटचा भाग बाहेर पडला त्याच वर्षी, फेब्रुवारीत, बाई गेल्या.

'स्मृतिचित्रे'ची सुरुवात वडिलांच्या सोवळ्यापासून होते. आजोळच्या आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळे शिरले, आणि बाजारातून येणारा जिन्नसन् जिन्नस घरात धुतला जाऊ लागला. विषय पाहिला तर भयंकर. फाशी, वेड, पोरांची उपासमार. पण वाचताना हसू आवरत नाही. मी शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा हा भाग पाठ्यपुस्तकात असो नसो, वर्गाला वाचून दाखवत असे. वर्गात निम्मी मुले घरी कन्नड बोलणारी, दोन-चार उर्दू, काही कोकणी. निबंधाच्या तासाला डोळे मिटणारा मागचा बाकही हसायचा. याचे कारण सोपे आहे. बाईंचे वाक्य लहान, क्रियापद ठणठणीत आणि विशेषणांचा जवळजवळ उपास. बोलणारा माणूस जिथे श्वास घेतो तिथेच त्यांचे वाक्य थांबते. मराठी ही ज्याची दुसरी भाषा आहे, त्याच्यासाठी यापेक्षा चांगले गद्य मला माहीत नाही. गंमत म्हणजे पंडितांनाही ते तितकेच आवडते.

मुलांसाठी म्हणून जाणीवपूर्वक काम करणारी बाई या परंपरेत यायला थोडा उशीर झाला. ताराबाई मोडक (जन्म १८९२) भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून बालशिक्षण गुजरातीतून शिकल्या आणि १९३३ साली 'शिक्षणपत्रिका' मराठीत आणली. पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला वारल्यांच्या मुलांसाठी गाणी-गोष्टी रचताना त्यांनी शंख-शिंपले, पाने, बिया हेच साहित्य वापरले आणि मुलांच्या बोलीला हसायचे नाही, हा नियम ठेवला. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात ती सारी हकिगत आहे. गुजराती आणि मराठी यांच्या शिवेवर हे काम उभे राहिले, हा योगायोग नसावा. शेजारच्या बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले होते, १९१०पासून फिरत्या पेट्यांतून खेड्यापाड्यांत ग्रंथ पाठवले होते आणि बायकांसाठी व मुलांसाठी ग्रंथालयाचे वेगळे दालन उघडले होते. दोन भाषांच्या राज्यात वाचनाची इतकी सोय होते, आणि आपण दोन भाषांचे रडगाणे गातो!

मान्यतेचे म्हणाल, तर ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ साली भरले. अध्यक्षपदावर बाई बसली ती १९६१ साली, कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने, आणि तीही पुण्या-मुंबईत नव्हे, ग्वाल्हेरला. त्र्याऐंशी वर्षे लागली. ग्वाल्हेरकर वाचकांनी याचा अभिमान जरूर बाळगावा.

आता आमच्या घरची आजची परिस्थिती. भावाच्या नाती इंग्रजी शाळेत जातात. कन्नड शाळेत सक्तीची म्हणून येते, देवनागरी ओळखतात ती हिंदीमुळे, आणि मराठी बोलतात ती जेवणाच्या टेबलावर. "काय करायलीस?" "येते की गं आज्जी." मराठीत विचार करतात की नाही, देव जाणे. पण ऐकतात. अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई डोंगरे यांनी आपल्या मुलीसाठी जितके केले, घरात मराठी बोलणे आणि घरात मराठी वाचणे, तितकेच आपल्या हातात उरले आहे. वाचनालयाच्या कपाटांतल्या या पुस्तकांची पाने आता हात लावला की तुटतात. काहींच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत, काहींच्या नाहीत. 'पालखीचा गोंडा' मागितली तर ग्रंथपालसुद्धा दोनदा नाव विचारतात.

कुणी करून पाहणार असेल तर माझा अनुभव सांगते. आठ-दहा वर्षांच्या मुलांना 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग सुरुवातीपासून सरळ वाचून दाखवावा. काही गाळू नये, सोवळे म्हणजे काय तेवढे आधी सांगावे. रमाबाईंच्या अमेरिकेतले बर्फ आणि आगगाडीचे भाग चालतात. संस्थांची माहिती सोडून द्यावी, तिथे मोठ्यांनाही जांभई येते. आनंदीबाईंची पत्रे तेरा-चौदाच्या आत नकोत. धाकट्या नातीला मी मागच्या महिन्यात रमाबाईंची वेताची पेटी सांगितली. तिने विचारले, पेटीला झाकण होते का?

मला सांगता आले नाही. आम्ही दोघींनी मिळून ठरवले, की नसावे.